कोरी जागा कोणी भरायची?

मी काही पाश्चात्त्य संगीतातली जाणकार नाही. वर्गात पेटीवर कविता बसवण्यापुरतं माझं संगीत. पण मध्यंतरी मोबाइलवर एक रचना ऐकली आणि माझीच एक जुनी चूक आठवली.

व्हिएन्नाचा संगीतकार फ्रान्झ शूबर्ट १८२८ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी गेला. शेवटच्या दिवसांत तो डी मेजरमधली एक सिम्फनी लिहीत होता. तिचे कच्चे आराखडे तेवढे उरले, पियानोसाठी लिहितात तसे. कुठे सलग, कुठे मध्येच तुटलेले. ब्रायन न्यूबोल्ड या इंग्रज अभ्यासकाने ते शूबर्टच्याच धाटणीत पूर्ण केले. इटलीच्या लुचानो बेरिओ यांनी मात्र १९८९-९० मध्ये 'रेन्डरिंग' लिहिताना वेगळंच केलं. शूबर्टने लिहिलेलं त्याच्या पद्धतीने ऑर्केस्ट्राला दिलं, पण जिथे कागद कोरा तिथे आपलं आजचं संगीत ठेवलं. अगदी हळू, धुक्यातून आल्यासारखं. त्यात शूबर्टच्याच अखेरच्या रचनांच्या आठवणी तरंगतात. दर वेळी आधी चेलेस्टा किणकिणतो. बारीक घंट्यांसारखा आवाज असतो त्याचा. तो ऐकू आला की समजायचं, इथे शूबर्टचा हात थांबला होता. जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी करताना रंग उजळायचे, पण उडालेला भाग लपवायचा नाही, ही दृष्टी बेरिओंनी समोर ठेवली होती.

न्यूबोल्ड चुकले असं मी म्हणणार नाही. अख्खी सिम्फनी कशी वाजली असती, ही उत्सुकता कोणालाही असणारच. (मलाही आहे.) पण मला बेरिओंचंच पटतं, कारण त्यांनी आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातले नाहीत.

मी घातले होते. मागच्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीने 'माझी आजी' हा निबंध अर्ध्यावरच सोडला. प्रदर्शनात लावायचा म्हणून मी तिच्यासारखंच अक्षर काढून शेवटच्या चार ओळी लिहिल्या. आजी लाडू करते, गोष्टी सांगते वगैरे. पाहुण्यांनी कौतुक केलं. ती मात्र फलकासमोर बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझी आजी झोपूनच असते."

ती का थांबली होती, हे मी विचारलंच नव्हतं.

पालकहो, रात्री जागून मुलांचे प्रकल्प तुम्हीही पूर्ण करताच की! यंदा आमच्या वर्गातले अर्धे निबंध अर्धेच लावायचे ठरवलंय. मी काही लिहिलंच, तर हिरव्या पेनने, माझ्या अक्षरात. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.