बाळंतपणाची एक्सेल शीट

गेल्या रविवारी मी एक एक्सेल शीट केली. चौतीस ओळी. प्लॅस्टिकची मोठी शीट, धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती चादरी, सहा टॉवेल, हातमोजे, साबण, नवं ब्लेड, नाळेला लावायचा क्लॅम्प, पॅड, बाळाचं टोपडं, टॉर्च (वीज गेली तर!) आणि सगळ्यात शेवटी फुगवायचा टब. बायकोला सातवा लागलाय आणि घरीच बाळंतपण करायचं खूळ आमच्या डोक्यात शिरलं होतं. हो, दोघांच्याही. टब सोडला तर बाकी सगळं संध्याकाळपर्यंत दारात आलं असतं. पुण्यात राहण्याचे फायदे!

मग सवयीने एक कॉलम वाढवला: 'ही वस्तू कुठला बिघाड सांभाळते?' आणि तिथेच गाडी अडली.

जवळपास प्रत्येक ओळीपुढे एकच उत्तर येत होतं: जंतुसंसर्ग. आता ही काही छोटी गोष्ट नाही. पूर्वी नाळ विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, आणि धनुर्वाताने बाळं जायची. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, आईला लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं, या सगळ्यांमुळे माता आणि नवजातांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. म्हणजे माझी यादी चुकीची नव्हती. ती अर्धी होती.

कारण बाळंतपणात फक्त जंतूच मारतात असं नाही. दिवस भरत आले की गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त वाहत असतं. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर माझे सहा टॉवेल काय करणार? किती रक्त गेलं ते मोजायला फार तर उपयोगी पडतील. तिथे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लागतं, जे फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. ते देणारा शिकलेला हात लागतो. एवढं करूनही थांबलं नाही तर रक्ताची पिशवी आणि ऑपरेशन थिएटर लागतं. आणि बाळ रडलंच नाही तर? पहिल्या मिनिटात त्याला बॅग-मास्कने श्वास द्यावा लागतो. यूट्यूब बघून नव्हे.

यावर एक मित्र म्हणाला, "अरे, पण इंग्लंडमध्ये करतात की!" करतात. तिथे सरकारी आरोग्यसेवेतली प्रशिक्षित मिडवाइफ औषधं आणि ऑक्सिजन घेऊन घरी येते, आणि गरज पडली तर घ्यायला हॉस्पिटल तयार असतं. तरीसुद्धा २०११ मध्ये आलेल्या तिथल्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंत व्हायला निघालेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना हॉस्पिटलला हलवावं लागलं. पहिल्या बाळांच्या बाबतीत गंभीर इजा किंवा मृत्यू हजारी ९.३, हॉस्पिटलमध्ये ५.३. (दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण आमचं पहिलंच आहे.) आपण त्यांची खरेदीची यादी कॉपी करतो, तिच्यामागची सिस्टीम नाही. फ्रंटएंड ढापला, बॅकएंड तिकडेच राहिला.

"आपल्या आज्यांची बाळंतपणं घरीच झाली ना?" झाली. माझ्या आजीची सात. आमच्या घरात काका-आत्या धरून भावंडं मोजली जातात ती पाच.

जिथे दवाखाना खरोखरच लांब आहे तिथलं उदाहरण बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्यांच्याकडेही पिशवी होतीच हो. पण ती वापरणारी बाई तयार केली होती, आणि ती कुठल्याही अॅपवर मिळत नाही.

मग आम्हाला हे खूळ सुचलंच का? कारण लेबर रूमबद्दल ऐकलेले किस्से. बाईवर खेकसणं, नवऱ्याला बाहेर बसवणं, कारण न सांगता सिझेरियन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनची निघाली. हा राग खरा आहे. पण सर्व्हरमध्ये बग आहे म्हणून कोणी बॅकअपशिवाय घरच्या पीसीवर प्रॉडक्शन चालवत नाही. तिथे भांडायचं असतं. सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानाने वागवणं आणि तिचं माणूस सोबत असणं, दोन्ही आहे. सरकारी लेबर रूमकडून ही अपेक्षा असेल, तर पैसे मोजून जातो तिथे विचारायला लाज कसली?

तर आता शीट नवीन आहे. तुमचं सिझेरियनचं प्रमाण किती? मला आत येऊ देणार का? रात्री रक्त कुठून येतं, किती वेळात? रात्री दोनला भूलतज्ज्ञ हजर असतो का? गाडी कोण चालवणार, आणि तो नसला तर? डॉक्टरीण बाईंसमोर बसून एकेक विचारलं. पहिल्या प्रश्नाला त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण उत्तर मिळालं. दुसऱ्याला "बघू" म्हणाल्या. ही ओळ अजून लाल आहे. पुढच्या शनिवारी परत जातोय.

टब रद्द केलाय. टॉवेल आणि टोपडं मात्र आलंय, ते बॅगेत भरून ठेवलंय.