ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील मेट्रो मार्ग रेल्वे स्थानकांशी जोडण्याविषयीचे निवेदन

प्रति,
मा. महानगर आयुक्त,
मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय : शहरांतर्गत लोहमार्गांची उपयुक्तता ठरवण्याची रीत, आणि ठाणे-भिवंडी-कल्याण व ठाणे वर्तुळाकार मेट्रोसंबंधी मागण्या.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील रहिवासी, ज्यांपैकी बहुतेकांचे पोट लोकलच्या पासावर अवलंबून आहे, आपल्या सेवेशी सविनय सादर करतो की, चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक या मोनोरेलच्या रिकाम्या डब्यांकडे बोट दाखवून, शहराच्या पोटातून फिरणारे असले छोटे लोहमार्ग म्हणजे सरकारी पैशाची नासाडी होय, असा जो समज हल्ली दृढ होत चालला आहे, त्याची झळ आमच्या भागात उभ्या राहणाऱ्या मार्गांना लागेल अशी आम्हांस साधार भीती वाटते. पैसा रयतेचा आहे, तेव्हा प्रवासी किती हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आमची हरकत आहे ती तो प्रश्न कोणत्या वेळी विचारला जातो आणि त्याच्या उत्तराची जबाबदारी कोणावर टाकली जाते, याविषयी.

मोनोरेलचेच उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा चेंबूरपासून वडाळा डेपोपर्यंत, म्हणजे खत कारखान्याची वसाहत, तेलशुद्धीकरणाचा परिसर आणि भक्ती पार्क यांच्यामधून, जेमतेम नऊ किलोमीटर ती धावत असे. तिचे वडाळ्याचे स्थानक वडाळा रोड या रेल्वे स्थानकापासून दूर. आणि पुढचा टप्पा खुला व्हायला मार्च २०१९ उजाडावा लागला. मध्यंतरी नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकात डब्यांना आग लागून सेवा कित्येक महिने बंद राहिली, आणि सुरू झाल्यावरही गाड्यांच्या तुटवड्यामुळे दोन फेऱ्यांमधले अंतर इतके वाढले की घड्याळावर जगणारा माणूस तिच्या वाटेला जाईना. पुढे ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत गर्दीने भरलेली गाडी अधांतरी अडकली, आणि २० सप्टेंबर २०२५ पासून आधुनिकीकरणासाठी सेवा थांबवण्यात आली. एवढा सगळा इतिहास बाजूस सारून केवळ प्रवासीसंख्येचा आकडा पुढे करणे, आणि मुंबईकरांस हा मार्ग नकोच होता असा निष्कर्ष काढणे, हे न्यायाचे नाही. पाच वर्षे अर्धवट ठेवलेल्या, रेल्वेशी धड न जोडलेल्या आणि गाड्यांवाचून चालवलेल्या मार्गावर लोक आले नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते.

ठाण्याच्या माणसास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी जिथे येऊन थांबली ते हे गाव. त्या दिवशी रूळ ठाण्यापाशीच संपत होते. पुढल्या वर्षी ते कल्याणास पोहोचले, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट ओलांडला गेला, आणि मगच दख्खनचा व वऱ्हाडचा माल बंदरावर उतरू लागला. त्या ३४ किलोमीटरांच्या उत्पन्नावरून जर कोणी पहिल्याच वर्षी ताळेबंद मांडून काम आटोपते घेतले असते, तर आजचे कल्याण जंक्शन झालेच नसते. अलीकडचा दाखला पाहिजे असेल तर पुण्याचा आहे. मार्च २०२२ मध्ये तेथील मेट्रो दोन तुटक तुकड्यांत सुरू झाली, वनाझ ते गरवारे महाविद्यालय एक आणि पिंपरी ते फुगेवाडी दुसरा, तेव्हा लोक तीत हौसेखातर बसत. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही तुकडे दिवाणी न्यायालयापाशी एकमेकांस मिळाले, शिवाजीनगर रेल्वे स्थानक मार्गावर आले, आणि प्रवासी वाढले.

आता आमच्या दाराशी काय घडते आहे ते आपण पाहावे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो, जिची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणात पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि जिच्यासाठी ८,४१६ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली, ती सुमारे २५ किलोमीटरांची व १७ स्थानकांची आहे. परंतु तिचा पहिला टप्पा कापूरबावडी ते धामणकर नाका एवढाच. कापूरबावडीस रेल्वे नाही. धामणकर नाक्यासही नाही. वाटेत अंजूरफाट्यापाशी भिवंडी रोड स्थानक लागते खरे, पण ते दिवा-वसई मार्गावरचे, जिथे प्रवासी गाडी दिवसातून मोजक्या वेळा येते. वडाळा-कासारवडवली मेट्रोही तीन हात नाक्यावरून कॅडबरी जंक्शन, माजिवाड्याकडे वळते, ठाणे स्थानकास स्पर्श करीत नाही. म्हणजे आमच्या भागातील दोन मोठे मेट्रो मार्ग, ज्या फलाटांवर आमची सारी माणसे उतरतात, ते फलाट निदान पहिल्या टप्प्यात टाळूनच जाणार आहेत. उद्या काल्हेर-कशेळीच्या स्थानकांवर शुकशुकाट दिसला, तर दोष प्रवाशांच्या माथी मारला जाऊ नये यासाठी हे आजच लेखी नोंदवून ठेवीत आहोत.

संध्याकाळी सातच्या सुमारास ठाण्याच्या पश्चिमेस आपण एकदा प्रत्यक्ष यावे अशी आमची विनंती आहे. लोकलमधून उतरलेला कोलशेतचा कारकून पूल चढून सॅटिस या उन्नत बसतळावर येतो, टीएमटीच्या रांगेत उभा राहतो, बस येत नाही म्हणून रांग मोडून खाली गावदेवीकडे शेअर रिक्षाच्या दुसऱ्या रांगेत जातो, आणि चौथा प्रवासी होऊन चालकाशेजारी अर्ध्या बैठकीवर, एक पाय बाहेर ठेवून घर गाठतो. कुर्ल्याहून ठाण्यास येण्यास त्यास जेवढा वेळ लागला, तेवढाच पुष्कळदा या शेवटच्या टप्प्यात जातो. या माणसास जो मार्ग फलाटावरून उचलून वागळे इस्टेट, हिरानंदानी इस्टेट, कोलशेत, साकेतपर्यंत नेईल, तोच उपयोगी. आणि ठाणे वर्तुळाकार मेट्रो नेमके तेच करणार असल्यामुळे आम्ही तिचे मनःपूर्वक समर्थन करतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या या २९ किलोमीटरांच्या मार्गावरील २२ स्थानकांपैकी दोन भुयारी आहेत. त्यांतील ठाणे रेल्वे स्थानकाखालचे स्थानक हे या सबंध योजनेचे मर्म होय. मध्यंतरी खर्च सुमारे १३ हजार कोटींवरून ७ हजार कोटींच्या आसपास आणण्यासाठी येथे लाइट रेल घालावी अशी तजवीज झाली होती, ती नंतर मागे पडली. गाडी हलकी की भारी, या वादास आमच्या लेखी फारसे महत्त्व नाही. ती स्थानकास लागते की नाही, एवढेच महत्त्वाचे. काटकसरीच्या नावाखाली उद्या ते भुयारी स्थानक पुढे ढकलले गेले, तर २०२९ साली दररोज ६ लाख ४७ हजार प्रवासी येतील हा सरकारचा अंदाज कागदावरच राहील, हे आम्ही निक्षून सांगतो.

कल्याण-डोंबिवलीकरांचे म्हणणे थोडे निराळे व अधिक निकडीचे आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडून मृत्युमुखी पडले, त्या मार्गावरूनच आम्ही रोज जातो. कल्याण ते ठाणे असा दुसरा लोहमार्ग उभा राहिल्यास त्याचे मोल त्याच्या डब्यांत बसलेली डोकी मोजून कळणार नाही. लोकलच्या दारातून जी माणसे आत सरकतील, तीही त्याच्या खात्यावर जमा धरली पाहिजेत. म्हणून धामणकर नाक्यापासून दुर्गाडी, कल्याण स्थानक व बाजार समितीपर्यंतचा दुसरा टप्पा पहिल्या टप्प्याच्या प्रवासीसंख्येवर अवलंबून न ठेवता, मुदत जाहीर करून पुरा करण्यात यावा. कल्याण-तळोजा मेट्रो मार्ग डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून व मानपाड्याकडून जाईल, रेल्वे स्थानकाकडून नव्हे. सबब डोंबिवली स्थानकाच्या पूर्वेकडून त्या मेट्रो स्थानकांपर्यंत केडीएमटीच्या बसगाड्या मार्ग खुला होण्यापूर्वीच नेमल्या जाव्यात. त्यासाठी लागणारा पैसा महापालिकेच्या अंदाजपत्रकात शोधत बसू नये, तो प्रकल्पाच्याच खर्चात धरावा.

भाड्याविषयीही आमची मागणी स्पष्ट आहे. लोकलच्या मासिक पासावर थोडी रक्कम अधिक भरून मेट्रो, टीएमटी व केडीएमटी यांतून जाता यावे. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यावर वर्षाच्या आतच तिचे कमाल भाडे ४० रुपयांवरून ३० रुपयांवर आणावे लागले. तो धडा आमच्या वेळी पुन्हा शिकण्याचे कारण नाही. याखेरीज प्रत्येक स्थानकावर दरमहा किती प्रवासी चढले-उतरले याचा तक्ता प्राधिकरणाने प्रसिद्ध करावा. आकडे कमी असल्यास ते झाकू नयेत. कोणताही मार्ग पूर्ण लांबीने व ठरलेल्या वारंवारतेने निदान तीन वर्षे चालल्यावाचून त्यास निरुपयोगी ठरवू नये. आणि तसे चालूनही जो मार्ग रिकामा राहील, त्याचा फेरविचार उघडपणे, नागरिकांची सुनावणी घेऊन व्हावा. त्यास आम्ही विरोध करणार नाही.

या निवेदनाची दखल घेऊन, दोन्ही महापालिकांचे आयुक्त, मध्य रेल्वेचे अधिकारी व वर्तुळाकार मेट्रो उभारणारी महामेट्रो यांची संयुक्त बैठक आपण ठाण्यात बोलवावी, तीत आमच्या प्रतिनिधींस म्हणणे मांडू द्यावे, आणि वरील प्रत्येक मागणीवर प्राधिकरणाचा निर्णय आम्हांस लेखी कळवावा, अशी नम्र विनंती आहे.

आपले नम्र,
ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील प्रवासी नागरिक