ठिणगी हरवलेली लॉरी

अकोल्याच्या एका वाचक कुटुंबाचें पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे, आणि त्यांतील प्रश्न एका घरापुरता नसल्यामुळें त्याचा विचार येथें कांहींसा विस्तारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आजोबांनीं घेतलेली सहा सिलिंडरची शेव्हरोलेट लॉरी त्यांच्या शेतावरील पत्र्याच्या छपरींत उभी आहे. पूर्वीं दसऱ्याच्या दिवशीं ती सुरू करून पूजेसाठीं अंगणांत आणीत. गेलीं चार वर्षें ती हूं कीं चूं करीत नाहीं. मिस्त्रींनीं 'इंजिन गेलें' असा निकाल दिला आहे, भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला आहे, आणि घरांत दोन पक्ष पडले आहेत. थोरल्या काकांस लॉरी ठेवावयाची आहे. धाकट्यांचें म्हणणें असें कीं, जी वस्तु चालत नाहीं तिला हार घालून काय मिळवावयाचें? धाकट्या काकांचा प्रश्न आम्हांस मुळींच गैर वाटत नाहीं. मात्र त्याचें उत्तर भंगारवाल्याच्या काट्यावर न शोधतां इंजिनापाशीं शोधावें.

अशा लॉऱ्या वऱ्हाडांत आल्या कशा, हें आजच्या तरुण मंडळींस ठाऊक असेलच असें नाहीं. जी. आय. पी. रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली, तरी शेतापासून जिनापर्यंत आणि जिनापासून स्टेशनापर्यंत कापूस बैलगाडीनेंच जात असे. फोर्ड कंपनीनें १९२६ मध्यें आपल्या देशांत ठाणें मांडलें; १९२८ मध्यें जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना मुंबईस शिवडी येथें सुरू झाला. युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक गाड्या 'डिस्पोजल'मध्यें विकल्या गेल्या. १९४४ मध्यें स्थापन झालेल्या, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनें पुढें कुर्ल्यास डॉज व फार्गो गाड्या जोडल्या. त्या काळच्या या लॉऱ्या बहुतेक पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजच्या डिझेल लॉऱ्या रस्त्यावर आल्या, त्याच सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड यांनीं येथील कारभार आटोपला, आणि पेट्रोलची लॉरी हळूहळू दिसेनाशी झाली.

लॉरीबरोबर तिची विद्याहि गेली, आणि खरी अडचण येथेंच आहे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेथें इंधन पेटतें. आजच्या पेट्रोल गाडींत ठिणगी आहे, पण तिचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीकडे आहे. त्यामुळें आजचा मिस्त्री आपल्या कामांत हुशार असूनहि या इंजिनापुढें चाचपडतो, आणि चाचपडणारा मनुष्य पुष्कळदां प्लग, कॉइल व कार्ब्युरेटर एकाच दिवशीं बदलून मोकळा होतो. मग दोष गेला तर कोणत्या वस्तूंत होता तें कळत नाहीं, आणि न गेला तर तीन नव्या वस्तूंपैकीं एखादी सदोष निघण्याची भीति राहते ती वेगळीच. आमची पहिली सूचना म्हणून हीच कीं, अँबॅसेडर, पद्मिनी किंवा जुनी पेट्रोल जीप यांवर ज्याचा हात बसला आहे, असा वयस्क मिस्त्री अमरावती-अकोल्यांत अजून सांपडतो, तो शोधावा. 'सीबी पॉइंट' हा शब्द ऐकतांच ज्याचा चेहरा खुलेल, तो आपल्या कामाचा. दुसरी सूचना अशी कीं, एका वेळीं एकच वस्तु बदलावी.

आतां इंजिन खरोखर 'गेलें' आहे काय? सर्व प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरांत दोन चमचे तेल सोडून एक रात्र जाऊं द्यावी, आणि सकाळीं प्लग बाहेर असतांनाच हँडलानें इंजिन सावकाश फिरवावें. तें फिरत असेल, आणि प्लगच्या छिद्रावर ठेवलेलें बोट हवेचा दाब बाहेर ढकलीत असेल, तर इंजिन जिवंत आहे. प्लग परत बसविल्यानंतर मात्र हँडल जपून मारावें. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीभोवतीं वळवूं नये. हँडल खालून वर ओढावें, वरून खालीं दाबूं नये. अवेळीं ठिणगी पडून इंजिन उलट फिरलें तर मनगट मोडतें. घरांतील मुलांनीं व मुलींनीं हें काम अवश्य शिकावें, पण वडील माणसांच्या देखत.

ठिणगी उत्पन्न होते कशी, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढील शोध सोपा होतो. बॅटरी अवघी सहा व्होल्टची. एवढ्याशा जोरावर प्लगमधील फट ओलांडतां येत नाहीं. म्हणून वीज प्रथम कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून फिरते, आणि सीबी पॉइंट उघडतांच तो प्रवाह एकदम तुटतो. भरलेल्या पाटाचें दार अकस्मात् लावलें असतां पाणी जसें उसळतें, तसा कॉइलच्या बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत विजेचा दाब उसळून कित्येक हजार व्होल्टवर जातो. हा दाब मधल्या तारेनें डिस्ट्रिब्युटरांत येतो, तेथें फिरणारा रोटर तो सहा प्लगांस पाळीपाळीनें वांटतो. इंजिन मिनिटास २,००० फेरे करीत असतां पॉइंट मिनिटास ६,००० वेळां, म्हणजे सेकंदास शंभर वेळां उघडतात व मिटतात. एवढ्या उघडझापींत ते जळून जाऊं नयेत, आणि प्रवाह झटकन् तुटावा, यासाठीं त्यांच्या शेजारीं करंगळीएवढा कंडेन्सर बसविलेला असतो.

तपासणी बॅटरीपासून आरंभावी, कार्ब्युरेटरपासून नव्हे. सहा व्होल्टच्या गाडीस तितक्याच कामासाठीं बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून तिच्या मूळ तारा अंगठ्यासारख्या जाड असत. मध्यंतरी कोणीं नव्या गाडीच्या बारीक तारा लावल्या असल्यास सेल्फ कण्हत फिरतो, सर्व करंट तोच गिळतो, आणि कॉइलच्या वांट्यास ठिणगीपुरताहि जोर उरत नाहीं. बॅटरीची अर्थिंगची तार जेथें चेसिसला लागते, तेथील गंज व रंग खरवडून लखलखीत धातु दिसूं द्यावी. कांहीं लोक या रडगाण्याला कंटाळून सरळ बारा व्होल्टची बॅटरी ठेवतात. डायनमो, कॉइल, दिवे हें सर्व त्याबरोबर बदलणार असाल तर गोष्ट निराळी. नुसती बॅटरी बदलणें म्हणजे कॉइल व दिवे जाळण्याची सोय होय.

यानंतर सहा व्होल्टचा एक लहान बल्ब दोन तारांना जोडून घ्यावा. कॉइलच्या ज्या टोकापासून तार डिस्ट्रिब्युटरकडे जाते, त्या टोकास बल्बची एक तार व इंजिनाच्या लोखंडास दुसरी लावावी, किल्ली चालू करावी, आणि एकानें हँडलानें इंजिन हळूहळू फिरवावें. मधली जाड तार मात्र आधीं काढून लोखंडाला टेकवून ठेवावी, म्हणजे इंजिन अकस्मात् सुरू होणार नाहीं. पॉइंट उघडले कीं बल्ब लागला पाहिजे, मिटले कीं विझला पाहिजे. तो एकसारखा जळत राहिला तर पॉइंट मिटूनहि वीज पलीकडे जाऊं देत नाहींत, किंवा डिस्ट्रिब्युटरांतील लवचीक तार वेष्टणाच्या आंतल्या आंत तुटली आहे, असें समजावें. मुळींच लागला नाहीं, तर किल्लीपासून कॉइलपर्यंत वीज येत नाहीं, अथवा पॉइंटची तार किंवा कंडेन्सर कोठें तरी लोखंडास चिकटला आहे. एवढ्या एका बल्बानें अर्धा शोध पुरा होतो. चार पावसाळे उभ्या असलेल्या लॉरीचा बल्ब न विझतां जळत राहील, अशी आमची अटकळ आहे. कारण पॉइंटवर न दिसणारा गंजाचा पापुद्रा धरतो.

पॉइंट साफ करण्यास काचपेपर वापरूं नये. त्याचे कण धातूंत रुततात व नव्यानें जळजळ सुरू होते. बारीक कानसीचा एक हात फिरवून नंतर कोऱ्या जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्यें धरून ओढावी. मग फिलर गेजनें फट पाहावी: या शेव्हरोलेटला सुमारें १८ सहस्रांश इंच. प्लगची फट तिच्यासाठीं ३५ ते ४० सहस्रांश इंच. त्या काळच्या व्ही-आठ फोर्डला मात्र सुमारें २५ पुरे. जेथें उंचवटा फिरून पॉइंटला ढकलतो, तेथें फायबरच्या टोंकास ग्रीसचा नुसता हात लावावा. जास्त लावल्यास तें उडून पॉइंटवरच बसतें, आणि केलेली सफाई वायां जाते.

आतां कॉइलची मधली तार लोखंडापासून पाव इंचावर, वेष्टणावरून कोरड्या कापडानें वा लांकडी चिमट्यानें धरून, इंजिन फिरवावें. ठिणगी जाड, निळी व टणत्कार करणारी असेल तर पुढें जावें. बारीक व पिवळी असेल, आणि पॉइंट थोड्याच वेळांत काळे पडत असतील, तर बहुधा कंडेन्सर वाईट आहे. जुन्या कंडेन्सरांतील कागद कालांतरानें दमटपणा शोषतो. नवा म्हणून बाजारांत मिळणाराहि नेहमींच विश्वासाचा नसतो, म्हणून दोन आणून ठेवावेत. कॉइलच्या दोन टोकांवरील तारा उलट लागल्या असल्यास ठिणगी पडते खरी, पण अशक्त पडते. शेव्हरोलेटची बॅटरी ऋण टोकानें अर्थ केलेली असते, त्या काळच्या फोर्ड व डॉज गाड्यांची धन टोकानें. एका गाडीवर शिकलेला मनुष्य दुसऱ्या गाडीवर नेमका येथेंच चुकतो.

कॉइलच्या तारेवर ठिणगी चांगली आणि प्लगवर नाहीं, असें असेल तर रोटर, टोपी व तारा यांकडे वळावें. शेतावरील छपरींत उंदीर असावयाचेच, आणि जुन्या तारांचें कापडी वेष्टण त्यांस पिलांच्या घरट्यासाठीं फार आवडतें. टोपींत एखादी केसासारखी काळी रेघ दिसली तर ती घाण नव्हे, वीज पळून जाण्याची वाट आहे. तशी टोपी बदलावीच लागते. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास पावसाळ्यांत गेलेल्यांनीं धुक्यांत गाडी बंद पडण्याचा अनुभव घेतला असेल. तेथें पुष्कळदां टोपी आंतून दमट झालेली असते आणि कोरड्या फडक्यानें काम भागतें. अंधारांत इंजिन चालवून पाहिल्यास गळती निळ्या धाग्यासारखी डोळ्यांस दिसते. तारा परत लावतांना क्रम १-५-३-६-२-४ असा, रोटर फिरतो त्या दिशेनें. टायमिंगसाठीं फ्लायव्हीलमध्यें एक पोलादी गोळी बसविलेली असते, ती सेल्फजवळील छिद्रांतून दिसते. पहिल्या सिलिंडरांत दाब भरत असतांना ती गोळी कांट्यासमोर येतांच पॉइंट उघडूं लागले पाहिजेत.

राहिली अकोल्याची खास तक्रार. वैशाखांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे लॉरी सकाळीं ठीक सुरू होते, अर्धा तास चालते, आणि मग भर उन्हांत बंद पडते. तासाभरानें पुन्हा सुरू. यास ठिणगी जबाबदार कीं पेट्रोल, हा वाद घरोघर होतो, आणि तो बसून मिटत नाहीं. बंद पडली त्या क्षणीं, गरम असतांनाच, मधल्या तारेची ठिणगी पाहावी. ती मलूल झाली असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर उष्णतेनें दगा देतो. कंडेन्सर बदलूनहि तसेंच झालें तर कॉइल बदलावी. ठिणगी निळी व जोरदार असेल तर पेट्रोलच नळींत उकळून त्याची वाफ झाली आहे. पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवल्यास दहा मिनिटांत गाडी निघते. आजकाल पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. हें पेट्रोल उष्णतेंत लौकर वाफाळतें, हवेंतील पाणी ओढून घेतें, आणि पंपांतील जुना रबरी पडदा नरम करतें. पडदा नव्या पेट्रोलला टिकणारा बसवावा, नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी, आणि लॉरी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामें करून बॅटरीची तार सोडून ठेवावी.