मित्र कोणाचा?

अहेरीहून आलापल्ली, एटापल्लीच्या बाजूला जाताना किराणा दुकानांच्या दर्शनी भागावर तेल-साबणाच्या जाहिरातींच्या जोडीला आणखी एक पाटी दिसते: ‘बँक मित्र’. त्याखाली लहान अक्षरांत ‘बिझनेस करस्पॉन्डंट’ असे लिहिलेले असते. मूल, सिंदेवाही, नागभीडकडेही हेच चित्र आहे. पाटी वाचणाऱ्याला पहिले नाव सहज कळते, दुसरे कळत नाही. पदाचा खरा अर्थ मात्र दुसऱ्या नावात आहे. पहिल्याने गैरसमजच अधिक होतो.

‘करस्पॉन्डंट’ म्हटले की वर्तमानपत्राचा वार्ताहर आठवतो. व्यापारी परिभाषेत हा शब्द निराळ्या अर्थाने येतो. परगावी राहून, पत्रव्यवहाराच्या आधारे, दुसऱ्या पेढीच्या वतीने देणे-घेणे करणारा तो करस्पॉन्डंट. व्यापारी घराण्यांना हा माणूस नवा नाही. हुंडीच्या काळात एका पेढीने लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावी जो सकारत असे, त्या आडत्याचे काम नेमके हेच होते. तो रक्कम देई ती हुंडी लिहिणाऱ्याच्या खाती, आणि आपल्या वहीत तशी नोंद करी. रोकड हाती घेऊन येणाऱ्याशी तो कितीही गोड बोलला, तरी तो कोणाचा माणूस आहे याविषयी कोणाला शंका नसे. पुढे ‘आडत्या’ हा शब्द धान्य आणि भाजीपाल्याच्या बाजारापुरता आकसला, आणि तेथे मात्र शंका उरली. माल शेतकऱ्याच्या वतीने विकायचा आणि रोजचा संबंध खरेदीदाराशी ठेवायचा, अशी ती अवघड जागा. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त करताना आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, तेव्हा झालेला वाद मुळात याच प्रश्नाचा होता.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. त्यात दोन पदे होती. ‘बिझनेस फॅसिलिटेटर’ने ग्राहक शोधावा, अर्ज भरून द्यावा, पण रोख रकमेला हात लावू नये. ‘बिझनेस करस्पॉन्डंट’ने मात्र बँकेच्या वतीने रक्कम स्वीकारावी आणि द्यावी. आरंभी हे काम प्रामुख्याने संस्थांकडे होते. २००९ च्या अखेरीस किराणा, औषधे आणि स्वस्त धान्य दुकानांच्या चालकांनाही ते खुले झाले. मूळ शाखेपासून ठराविक अंतराच्या आतच प्रतिनिधी असावा, ही अट २०१४ मध्ये निघाली, आणि त्याच वर्षी आलेल्या जनधन योजनेने ‘बँक मित्र’ हे नाव घरोघरी पोहोचवले. अंतराची अट निघण्याचे महत्त्व पुण्या-मुंबईत कळणार नाही. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी शाखा गाठण्यात मजुराचा एक दिवस जातो आणि एका दिवसाची मजुरीही जाते.

मग हा मित्र कोणाचा? कायद्याच्या दृष्टीने तो बँकेचा एजंट आहे. त्याचे कमिशन बँकेकडून किंवा बँकेने नेमलेल्या कंपनीकडून येते; ग्राहकाकडून थेट शुल्क घेण्यास त्याला मनाई आहे. हजार रुपये काढून देताना ‘वीस रुपये द्या’ म्हणणे ही त्या भागातील जुनी सवय असेल, पण तो नियमभंगच आहे. त्याने केलेला व्यवहार त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बँकेच्या हिशेबात उतरला पाहिजे. त्याच्या कृतीची आणि कुचराईचीही जबाबदारी बँकेवर असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २३७ वे कलम येथे लक्षात घेण्यासारखे आहे. एजंटाला अमुक अधिकार आहे असा समज मालकाने आपल्या शब्दाने वा वर्तनाने निर्माण केला असेल, तर अधिकाराबाहेरच्या कृतीलाही मालक बांधला जातो. बँकेच्या नावाची आणि चिन्हाची पाटी असा समज निर्माण करते. म्हणूनच तिची जबाबदारी केवळ दुकानदारापुरती राहत नाही.

खरी कसोटी मे महिन्यात लागते. तेंदूपत्त्याच्या हंगामाची मजुरी खात्यात जमा झाली की मजूर, विशेषतः स्त्रिया, काउंटरसमोर रांगेत उभ्या राहतात. दुकान तेच, गल्ला तोच, आणि उधारीची वहीही तीच. खात्यात चार हजार आहेत, उधारी अकराशेची आहे. मशीनवर अंगठा पडतो, आणि दुकानदार एकोणतीसशे मोजून देतो. ‘तुझे अकराशे कापले’ असे तो मोकळेपणाने सांगतोही. त्यात फसवणुकीचा हेतू नसेल, उधारीही खरी असेल, तरीही हे अयोग्य आहे. मशीन हाताळताना तो बँक आहे, आणि बँकेला किराणा उधारीशी काही कर्तव्य नाही. चार हजार तिच्या हातात पूर्ण पडले पाहिजेत, पावती तिला मिळाली पाहिजे. त्यानंतर ती उधारी फेडील, अर्धी फेडील किंवा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणेल. सावकाराचा धोका सावकाराने सोसावा. त्याची वसुली बँकेच्या मशीनवर करता येत नाही. दोन गल्ले आणि दोन वह्या ठेवणारे दुकानदार या जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांच्याकडे रांगही मोठी असते.

शहरात हाच प्रश्न इस्त्रीच्या कपड्यांत भेटतो. तेथील पदनाम ‘रिलेशनशिप मॅनेजर’. विवाहविषयक परिचयपत्रांत हे पद हल्ली वारंवार दिसते आणि ‘मॅनेजर’ या शब्दाचा परिणामही होतो. संबंध सांभाळणे म्हणजे त्यात बहुधा विमा, म्युच्युअल फंड आणि कर्ज विकण्याचे उद्दिष्ट पूर्ण करणे असते. ते प्रामाणिक काम आहे. पण मुदत ठेवीसाठी गेलेल्या वडीलधाऱ्यांना तो दहा वर्षांचा विमा सुचवतो, तेव्हा तो आपल्या मालकाचेच काम करीत असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ग्राहकाची रक्कम अडकली तर तक्रार दुकानाकडे नव्हे, बँकेकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ पासून देशभरासाठी एकच योजना आहे. अशा वेळी हातात पावती असणे फार उपयोगी पडते.

उरतो तो लिंक नसल्याचा दिवस. जंगल भागात तो वारंवार येतो. समोरच्या बाईला दवाखान्यासाठी पाचशे हवे आहेत, मशीन चालत नाही. पुष्कळ दुकानदार स्वतःच्या गल्ल्यातून पैसे देतात आणि ‘उद्या अंगठा लाव’ म्हणतात. माणुसकी म्हणून ते स्तुत्यच आहे. मात्र तो बँकेचा व्यवहार नव्हे, हातउसने आहे, आणि दुकानाच्या वहीत तसेच लिहावे. लिंक आल्यावर तिने आपले पैसे काढावे, पावती घ्यावी, नोटा स्वतः मोजाव्या, आणि मग त्यांतून पाचशे परत करावे.