पर्सी तुमच्या वर्गात बसला असता तर?

कॉलेजच्या कट्ट्यावर सहज पर्सी जॅक्सनचा विषय काढून बघा. एक-दोघं तरी लगेच सांगतील, 'मी पोसायडनचा!' किंवा 'मी अथीनाच्या केबिनमधली!' पुस्तक वाचलं शाळेत, पण केबिन अजून पाठ आहे. आता यातलेच काही जण बी.एड. करतायत, काही एनएसएसमधून शाळेत वाचनवर्ग घेतात, काही सुट्टीत समर कॅम्पला शिकवायला जातात. सहावी-सातवीच्या पोरांसमोर कोणतं पुस्तक न्यायचं, असा प्रश्न आला की हेच आठवतं. आणि मग सुरू होतो ॲक्टिव्हिटीचा शोध.

अमेरिकेत हे पुस्तक कितीतरी शाळांत शिकवलं जातं. त्यामुळे ॲक्टिव्हिटींचा नुसता ढीग पडलाय. देव आणि त्यांची कामं यांच्या जोड्या लावा. प्रत्येक प्रकरणातले कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ लिहा. शब्दकोडं सोडवा. 'तुमचा देव कोणता?' ही क्विझ. मैदानावर झेंडा पळवण्याचा खेळ. पर्सीची आई करते तसा निळा खाऊ. सगळं रंगीत, झकास. माझं म्हणणं एवढंच आहे, की यातल्या लिहायच्या बऱ्याच ॲक्टिव्हिटी खुद्द पर्सीला जमल्या नसत्या. ज्या वर्गात पर्सी नापास होईल, त्याच वर्गात पर्सीचं पुस्तक शिकवायचं, हे जरा विचित्र नाही का?

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द लायटनिंग थीफ' २००५ साली आलं. पर्सी बारा वर्षांचा, सहा वर्षांतली सहावी शाळा. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं पानावर स्थिर राहत नाहीत. एडीएचडी आहे, म्हणजे एका जागी बसवत नाही, लक्ष टिकत नाही. शाळेच्या लेखी तो वाया गेलेला पोरगा. मग कळतं की त्याचा बाप ग्रीक समुद्रदेव पोसायडन आहे, आणि ग्रीक देव, राक्षस, पाताळ सगळं आजच्या अमेरिकेत नांदतंय.

लेखक रिक रायर्डन स्वतः शिक्षक. टेक्सास आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत त्यांनी इंग्रजी आणि इतिहास पंधरा वर्षं शिकवला. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी असल्याचं निदान झालं होतं. शाळेत त्याला आवडायच्या त्या ग्रीक पुराणकथा. वडील रात्री झोपताना त्या सांगायचे. सांगता सांगता कथा संपल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, मग नवीन सांगा. त्यातून पर्सी जन्मला. म्हणजे हे पुस्तक मुळात वाचायला त्रास होणाऱ्या एका मुलाला तोंडी सांगितलेली गोष्ट आहे. ती वर्गात नेऊन आपण पहिलं काय करतो? वर्कशीट वाटतो.

जोड्या लावण्यात वाईट काही नाही. झ्यूस म्हणजे आकाश आणि पोसायडन म्हणजे समुद्र, हे माहीत नसेल तर पुढचं भांडण कळणार नाही. पण ते फळ्यावर एक तक्ता काढून दहा मिनिटांत होतं. त्यासाठी आठवडा घालवला की पोरांच्या लक्षात यादी राहते आणि गोष्ट निसटते.

पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हा प्रश्न येतो. न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये सहल गेलेली असते. क्रोनॉसने आपलीच मुलं का गिळली, हे सर विचारतात. नॅन्सी नावाची मुलगी कुजबुजते, की नोकरीच्या अर्जात हे थोडंच विचारणार आहेत? सर तिला रागवत नाहीत. तोच प्रश्न पर्सीकडे वळवतात, की खऱ्या आयुष्यात याचा काय उपयोग? पर्सीला उत्तर येत नाही. ॲक्टिव्हिटी निवडताना मी दोन गोष्टी बघेन. एक, पर्सीसारखा मुलगा यात भाग घेऊ शकेल का? दोन, ती केल्यावर नॅन्सीच्या प्रश्नाचं थोडं तरी उत्तर मिळेल का?

आता सगळ्यात लोकप्रिय ॲक्टिव्हिटी घ्या, 'तुमचा देव कोणता?' दहा प्रश्नांची क्विझ, मग गट पडतात. अथीनाची पोरं हुशार, एरिसची मारकुटी. सगळे खूश. पण पुस्तकातल्या कॅम्पमध्ये केबिन ठरते कशी? बापाने किंवा आईने 'हे माझं मूल' अशी खूण दाखवली तर. नाही दाखवली तर रवानगी हर्मीसच्या अकरा नंबरच्या केबिनमध्ये. तिथे इतकी गर्दी, की नवीन मुलांना जमिनीवर झोपायला जागा मिळते. सुरुवातीला पर्सीही तिथेच असतो. काही मुलं वर्षानुवर्षं वाट बघत राहतात.

म्हणून क्विझ उलटी करा. वर्गातल्या अर्ध्या पोरांना चिठ्ठीतून देव द्या, अर्ध्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या ठेवा. कोऱ्या चिठ्ठीवाल्या सगळ्यांना एका कोपऱ्यात, दोन बाकांवर दाटीवाटीने बसवा. पाच मिनिटांनी विचारा, कसं वाटलं? मग ते प्रकरण मोठ्याने वाचा. लिहायचं काही नाही. फक्त कोण कुठे बसेल हे चिठ्ठीवर सोडा, तुम्ही निवडू नका. आणि नंतर जागांची अदलाबदल नक्की करा.

इथून पुढे स्पॉयलर आहे. वीज चोरणारा निघतो हर्मीसचा मुलगा ल्यूक. त्याचा राग देवांवर आहे. मुलं जन्माला घालतात, मोहिमांवर पाठवतात आणि विसरून जातात. त्याला जवळ करतो क्रोनॉस. वर्गात ल्यूकवर खटला चालवा. एक गट त्याच्या बाजूने, एक विरोधात, तिसरा न्यायाधीश. नियम एकच : प्रत्येक मुद्द्याला पुस्तकातला प्रसंग दाखवायचा. वाचता येत नसेल तर प्रसंग सांगायचा, पान मित्राने शोधायचं. इथे आपल्या पोरांना कर्ण आठवल्याशिवाय राहणार नाही. जन्म देवाकडून मिळाला, ओळख मिळाली नाही; ज्याने पहिल्यांदा मान दिला त्याच्या बाजूने तो शेवटपर्यंत लढला. 'मृत्युंजय' वाचलेल्या कुणालाही हा वाद नवीन नाही. नॅन्सीला हवं होतं ते उत्तर इथे सापडायला लागतं. ज्याला कुणी विचारत नाही, तो पहिल्या विचारणाऱ्याच्या मागे जातो, हे दहावी-बारावीच्या कट्ट्यावरही दिसतं.

दुसरी ॲक्टिव्हिटी नकाशाची. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा पर्सीचा प्रवास भिंतीवर काढा. एम्पायर स्टेट बिल्डिंगला मजले १०२, पण ऑलिंपस आहे सहाशेव्या मजल्यावर. न्यू जर्सीत मेड्यूसा बागेतले पुतळे विकायचं दुकान चालवते. लास वेगासला लोटस कसिनो आहे, तिथे मुलांना वाटतं थोडाच वेळ गेला आणि बाहेर पाच दिवस उलटलेले असतात. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : हा राक्षस इथेच का ठेवला असेल? मेड्यूसा माणसांचे दगड करते, म्हणून पुतळ्यांचं दुकान. 'ओडिसी'तलं कमळ खाल्लं की घर विसरायला होतं, म्हणून कसिनो. मग पोरांना विचारा, आज तुमच्या गावात लोटस कुठे असेल? कुणीतरी 'मोबाईल' म्हणेलच. 'अजून सांगा' म्हणा. दुसरं, तिसरं उत्तर जास्त मजेदार असतं.

आता सोपी नसलेली बाजू. पुस्तकात डिस्लेक्सियाचं कारण असं दिलंय, की पर्सीचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी बनलाय. आणि एडीएचडी म्हणजे रणांगणावर जिवंत ठेवणारी चपळाई. स्वतःला 'ढ' समजणाऱ्या मुलाला हे वाचून केवढा दिलासा मिळत असेल! पण वर्गातल्या खऱ्या मुलाला प्राचीन ग्रीक येत नसतं आणि त्याचा बाप पोसायडन नसतो. 'तुझी सुपरपॉवर कोणती?' असं त्याला सगळ्यांसमोर विचारणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक परीक्षा लादणं. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' बघून आपण सगळे रडलो, पण ईशानला चित्रकला येत होती. काहीच चमकदार येत नसलेल्या मुलाचं काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. रोजच्या तासाला काय करायचं हे मात्र शिकवणाऱ्यावर सोडलेलं आहे.

म्हणून सुपरपॉवरपेक्षा पर्सीच्या लॅटिनच्या सरांकडे बघू या. ब्रुनर सर व्हीलचेअरवर बसतात. स्पर्धेच्या दिवशी चिलखत घालून येतात आणि पोरांना फळ्याकडे धावत जाऊन नावं सांगायला लावतात. वर्गात धावायची मुभा! आणि पर्सीला जमत नाही म्हणून ते अपेक्षा कमी करत नाहीत. त्याचा पर्सीला रागही येतो. पण त्याच्याकडून काहीतरी चांगलं होईल असं मानणारे शाळेतले शिक्षक तेच. बी.एड.वाल्यांनी गटात बसून या एका पात्रावर चर्चा केली तरी पुष्कळ झालं.

यावर हमखास येणारी हरकत म्हणजे, सिलॅबस कधी पुरा करायचा? बरोबर आहे. अख्खं पुस्तक वर्गात वाचून होणारही नाही. पहिली दोन-तीन प्रकरणं मोठ्याने वाचा, पुढचं गोष्टीसारखं सांगा, ल्यूकचा शेवट पुन्हा वाचा. इंग्रजी पान बघूनच दचकणारी मुलं असतील तर चर्चा मराठीत होऊ द्या. इंग्रजी पुस्तकाबद्दल मराठीत केलेला विचार कमी दर्जाचा नसतो.

आणि कुणी म्हणेल, आपल्या पुराणकथा असताना ग्रीक कशाला? आपल्याही आणा की. रायर्डन यांच्याच नावाच्या मालिकेत २०१८ मध्ये रोशनी चोक्सी यांचं 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम' आलं, त्यात पांडवांची कथा आजच्या मुलींच्या हाती येते. फक्त एक फरक लक्षात ठेवायचा. झ्यूसची टिंगल केली तर वर्गात सहसा कुणी दुखावत नाही. आपले देव घराघरात आहेत, तिथे खटला भरवताना सांभाळूनच बोलावं लागतं. ग्रीक गोष्टीवर मुलं आधी मोकळेपणी भांडायला शिकतात, हा तिचा मोठा फायदा.

तेव्हा पुढच्या वेळी वाचनवर्गाला जाताना वर्कशीटची प्रिंट काढण्याआधी मागच्या बाकावरचा एक चेहरा डोळ्यांसमोर आणा. सतत पाय हलवणारा, वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जाणारा. त्याला या तासात काय करता येईल, हे आधी ठरवा. बाकीच्यांचं आपोआप जमतं.