नोकरीचा बायोडाटा आणि लग्नाचा बायोडाटा

मागच्या महिन्यात ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रे पाहत बसलो होतो. एका शेतकरी बंधूंनी सातबारा, आठ-अ आणि पासबुकाची झेरॉक्स दिली, त्यात चुकून दुसरीच दोन पाने आली. ती त्यांच्या मुलाच्या नोकरीच्या बायोडाटाची होती. परत द्यायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, तुम्हीच एकदा नजर टाका. पोरगं चार ठिकाणी देऊन आलं, कुणी बोलवंना."

नजर टाकली. वर मधोमध श्री गणेशाय नमः. खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ पहाटे ४ वाजून १० मिनिटे. उंची, वर्ण गव्हाळ, रक्तगट, धर्म, जात, पोटजात. वडिलांचा व्यवसाय शेती, बागायत ४ एकर. मामांचे गाव. विवाहित बहिणी २. मग आधार क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांक. शिक्षण दुसऱ्या पानावर, आणि सर्वांत शेवटी एक ओळ : अनुभव – नाही.

उलगडा लगेच झाला. थोरल्या भावाचा लग्नाचा बायोडाटा डीटीपीवाल्याच्या संगणकात होता. त्यावरच नाव आणि फोटो बदलून याचा नोकरीचा बायोडाटा निघाला.

वाचकहो, हसण्यासारखे यात काही नाही. खेड्यात बायोडाटा हा शब्दच मुळी लग्नासाठी रुळला. कृषी पदविका घेऊन मी पहिला अर्ज केला, तेव्हा गोत्र तेवढे सोडून बाकी सगळे मीही लिहिले होते. पण सोयरिकीला येणारा माणूस घर, जमीन, नातीगोती पाहतो. नोकरी देणारा या पोराला काम येते का, एवढेच पाहणार. दोघांना एकच कागद कसा चालेल?

मला खरा चटका लावला तो 'अनुभव – नाही' या ओळीने. हा मुलगा ठिबकच्या एका विक्रेत्याकडे क्षेत्र प्रतिनिधीच्या जागेसाठी अर्ज करीत होता, आणि घरचे दोन एकर डाळिंब तीन वर्षे तोच सांभाळतो आहे! सँड फिल्टरला बॅकवॉश देणे, लॅटरलची शेवटची तोंडे उघडून गाळ काढणे, क्षार साचून ड्रिपर बंद पडले की आम्लाची प्रक्रिया करणे, व्हेंच्युरीतून विद्राव्य खते सोडणे, हे सगळे त्याच्या हातचे. तेल्याच्या फवारण्या कोणत्या तारखेला झाल्या, त्याची वही त्याच्याकडे आहे. ट्रॅक्टरचा परवाना आहे. आणि कागदावर काय? अनुभव नाही. घरचे काम म्हणजे काम नव्हे, पगार मिळाला तरच अनुभव, असे आपणच पोरांच्या डोक्यात भरवले आहे.

'शेती ४ एकर' या ओळीतून बापाची मालमत्ता कळते. 'दोन एकर डाळिंबाचा ठिबक संच तीन वर्षे स्वतः चालवला, खतांचे वेळापत्रक व फवारणीची नोंद ठेवली' या ओळीतून पोराची लायकी कळते. पहिली काढा, दुसरी घाला. दूध संकलन केंद्रावर बसणाऱ्याने फॅट आणि एसएनएफ तपासता येते हे लिहावे. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताईंनी किती सभासदांचा व किती वर्षे ठेवला ते लिहावे. खोटे मात्र एक अक्षर नको. मुलाखतीत दोन प्रश्नांत पितळ उघडे पडते.

आता खासगी तपशिलाचे. माझी कसोटी साधी आहे : हा तपशील वाचून, माणूस हे काम करू शकेल की नाही हे ठरवता येते का? येत नसेल तर तो काढावा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच, मोबाईल, गाव-तालुका-जिल्हा, शिक्षण, काम, येणाऱ्या भाषा, वाहन परवाना. झाले. उंची-वजन पोलीस किंवा सुरक्षारक्षकाच्या भरतीत लागते. बियाणांच्या दुकानात त्याचे काय करायचे? फोटो मागितला तर द्यावा. लग्न झाले की नाही, हे मुलींनी तर मुळीच लिहू नये. "आता लग्न ठरेल, मग ही जाईल" असा हिशेब समोरचा कागदावरूनच मांडतो आणि मुलाखतीला बोलावतच नाही.

सरकारी अर्जाची गोष्ट निराळी. तिथे आरक्षणासाठी जातीचा प्रवर्ग, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, २००५ च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र हे लागतेच. तो आपला हक्क आहे, तिथे संकोच नको. पण सरकारी अर्जातला रकाना खासगी दुकानदाराला देण्याचे कारण नाही. "जात लिहिली तर आपल्यातला कुणी असला तर घेईल," असे काही वडीलधारे म्हणतात. घेईलही एखादा. पण जात बघून घेणारे दार असते, तसे जात बघून परत पाठवणारेही असतेच.

शिवाय जात न लिहिताही कळते, ती पत्त्यावरून. अनेक गावांत वस्तीचे नावच जातीवरून पडलेले. अशी नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे द्यायची, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. सरपंच आणि भाऊसाहेब मंडळींना (हुद्दा आता ग्रामपंचायत अधिकारी झाला तरी गाव भाऊसाहेबच म्हणते) विनंती, की फलक बदलला असेल, पण नमुना ८ आणि घरपट्टीच्या पावतीवर काय छापून येते ते एकदा पाहावे. पोरगे पत्ता त्या पावतीवरूनच उतरवते.

आधार आणि खाते क्रमांकाबद्दल तर जरा रागानेच लिहितो. बायोडाटा कुठे जातो? चार टेबलांवर फिरतो, मोबाईलवर पुढे ढकलला जातो आणि शेवटी रद्दीत. भज्यांच्या पुड्याला आलेला एक बायोडाटा मी स्वतः पाहिला आहे. नाव, जन्मतारीख, मोबाईल, आधार आणि खाते क्रमांक एकाच पानावर मिळाले, की भामट्याचे निम्मे काम तुम्हीच केले. "तुमची निवड झाली, खात्री करायला ओटीपी सांगा" असा फोन आला आणि समोरचा तुमचा खाते क्रमांक घडाघडा वाचून दाखवू लागला, तर शहाणासुद्धा फसतो. आधार, पॅन, पासबुक हे निवड झाल्यावर, पगार आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी द्यायचे. आधी ओळख पटवायचीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेले आधार संकेतस्थळावरून काढता येते. नोकरीसाठी आधी पैसे भरा म्हणणाऱ्याला तर काहीच देऊ नका.

आणखी एक तपशील आहे, त्यावर लिहिताना हात अडखळतो. काही मुले शेवटी लिहितात : घरची परिस्थिती गरिबीची, वडिलांनी कर्जापायी आत्महत्या केली, तरी कृपया नोकरी द्यावी. त्या घरी आम्ही गेलेलो असतो. लिहिलेले खोटे नसते. तरीही माझे मत असे, की हे बायोडाटात नको. मदतीच्या, शिष्यवृत्तीच्या अर्जात ते अवश्य लिहा, ती जागा त्यासाठीच आहे. पण नोकरीत दयेने घेतलेल्याला पगारही दयेचाच मिळतो, हे मी पाहिले आहे. आणि बापाच्या मरणाची ती ओळ कुणाच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडावी, हे मला तरी सोसत नाही. कुणाला हे पटणार नाही. त्या पोराची अडचण माझ्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक, हेही खरे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालकही आता व्यवस्थापक, हिशेबनीस नेमतात. त्यांच्या अर्जाच्या नमुन्यात अजूनही धर्म, जात, वडिलांचे उत्पन्न असे रकाने दिसतात. कशाला? मोबाईल-संगणकावर घेतलेल्या माहितीसाठी २०२३ मध्ये कायदा झाला, आणि संमतीने माहिती घेतली तरी ती कामापुरतीच घ्यावी, असे त्यातही आहे. रकानाच नसेल तर पोर भरणार नाही.

त्या मुलाला बोलावून आम्ही एका पानाचा बायोडाटा केला. गणपती त्याने ठेवला, मी काही बोललो नाही. वडील शेजारीच बसून होते. बराच वेळ पाहून म्हणाले, "चार एकराचं कुठंच न्हाई व्हय?" म्हटले, "नाही." "मग हा कागद सोयरिकीला चालायचा न्हाई." म्हटले, "त्यासाठी जुना जपून ठेवा."