शरणपूर ते इगतपुरी

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात; त्या नावामागील इतिहास मात्र विस्मृतीत गेला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबते पकडून त्यांतील आफ्रिकी मुलांना मुंबई बंदरी उतरवीत असे. त्यांपैकी अनेकांना मिशनऱ्यांच्या शरणपूर वसाहतीत आश्रय आणि शिक्षण मिळाले. जेकब वेनराइट त्यांतलाच एक. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत निवर्तला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने म्हटली आणि १८७४ मध्ये लंडनमधील वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटिकेबरोबर तो चालला.

त्याच १८७३ साली झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला आणि त्याच साली महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. निग्रो दासांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना जोतीरावांनी ते अर्पण केले. आफ्रिकेतील दास्याबद्दल हळहळणाऱ्यांना शूद्रातिशूद्रांचे दास्य का दिसू नये, हाच त्यामागचा प्रश्न होता.

मुक्ती कोणाला आणि कोणत्या साधनांसह, हा प्रश्न साम्राज्याने नेहमीच टाळला. १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. कंपनीच्या ताब्यातील हिंदुस्थान तर त्या कायद्यातून वगळलाच होता. येथे १८४३ मध्ये न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे थांबवले. पण जमीन नाही, हक्काची मजुरी नाही, अशा माणसाचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. खरेदीखताची जागा कर्जाने घेतली, एवढाच फरक पडला.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट केली आणि वेठबिगारांची कर्जे रद्द ठरवली. तरीही २०२२ मध्ये याच नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातून कातकरी मुले थोड्याशा पैशांसाठी मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचे उघड झाले. दोष आईबापांच्या माथी मारणे सोपे आहे. ज्याच्यापाशी जमीन नाही आणि वर्षभराचे काम नाही, त्याच्यापुढे भुकेने दुसरा कोणता मार्ग ठेवला आहे?

त्याच कायद्यात जिल्हा व उपविभाग पातळीवरील दक्षता समित्यांची तरतूद आहे. त्या भरतात काय, त्यांपुढे किती प्रकरणे येतात आणि सुटलेल्यांचे पुनर्वसन होते काय, हे कार्यकर्त्यांनी वाडी-पाड्यावर जाऊन तपासले पाहिजे. शरणपूरच्या मुलांना निदान शाळा मिळाली होती. स्वतंत्र भारतातील कातकरी मुलाला त्याहून कमी मिळावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.